डेझीची फुले आणि हरवलेला अल्बम

#धागा

१/ १९८९ मध्ये अमेरिकेत गाजलेला एक रॅप अल्बम पुढे त्या देशाच्या राष्ट्रीय ठेव्यात समाविष्ट झाला. तरीही स्ट्रीमिंग सेवांवर तो ऐकायला मिळण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. ‘ऑल्टरनेटिव्ह हिप हॉप’च्या लोकप्रियतेची आणि तिने मागितलेल्या किमतीची ही कहाणी.

२/ १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हिप हॉप जन्मास आले. १९८० च्या दशकाअखेर त्याची एक ठरावीक प्रतिमा रूढ झाली होती: गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या, आवाजात दरारा, शब्दांत आव्हान. या चौकटीत न बसणाऱ्या कलावंतांच्या प्रवाहाला पुढे ‘ऑल्टरनेटिव्ह’ हे नाव मिळाले.

३/ लाँग आयलंडवरील ॲमिटीव्हिल गावचे तीन शाळासोबती, पॉस्डनूस, ट्रुगॉय आणि मेसिओ, हे या प्रवाहाचे अग्रदूत. त्यांचा गट ‘डे ला सोल’. ‘ट्रुगॉय’ हे नाव म्हणजे ‘योगर्ट’ या शब्दाची उलट्या क्रमाने लिहिलेली अक्षरे! दरारा निर्माण करण्याऐवजी हे तरुण थट्टा करत होते.

४/ निर्माता प्रिन्स पॉल याच्या साथीने त्यांनी १९८९ मध्ये ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा पहिला अल्बम आणला. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून गोधडी शिवावी, तसे त्याचे संगीत होते. फंकाडेलिक, स्टीली डॅन, हॉल अँड ओट्स, इतकेच नव्हे तर फ्रेंच भाषा शिकवणारी तबकडीही त्यात वापरली होती. या तंत्राला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात.

५/ ‘मी मायसेल्फ अँड आय’ हे गाणे बिलबोर्डच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जंगल ब्रदर्स, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट आणि क्वीन लतीफा यांच्यासह ‘नेटिव्ह टंग्ज’ हा समूह नावारूपास आला.

६/ मात्र यशाबरोबर शिक्काही बसला. मुखपृष्ठावरील फुलांमुळे त्यांना ‘हिप्पी’ ठरवण्यात आले. १९९१ मधील दुसऱ्या अल्बमचे नावच त्यांनी ‘डे ला सोल इज डेड’ ठेवले. मुखपृष्ठावर डेझीच्या फुलांची फुटलेली कुंडी होती.

७/ दुसरी किंमत अधिक जड होती. जेमतेम सव्वा मिनिटाच्या एका तुकड्यात ‘द टर्टल्स’ या जुन्या गटाचे संगीत विनापरवानगी वापरल्याबद्दल दावा दाखल झाला. तो न्यायालयाबाहेर मिटला.

८/ डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालाचा आरंभ बायबलमधील चोरीविरुद्धच्या आज्ञेने केला. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवाना आणि शुल्क ही रीत पक्की झाली. डझनावारी तुकड्यांची गोधडी आता परवडेनाशी झाली.

९/ प्रवाह थांबला नाही. १९९३ मध्ये ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ हा सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचे ग्रॅमी मिळवणारा पहिला हिप हॉप गट ठरला. ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम’ हा सन्मान १९९९ मध्ये लॉरिन हिल आणि २००४ मध्ये आउटकास्ट यांना लाभला. एके काळी ‘पर्यायी’ मानलेली वाट आता राजमार्ग झाली होती.

१०/ वाट पाडणारे मात्र अदृश्य झाले. त्यांचे जुने करार तबकड्या, कॅसेट आणि सीडी यांच्या काळातले; डिजिटल विक्रीसाठी नवे परवाने हवे होते. २००५ मध्ये गोरिलाझच्या ‘फील गुड इंक.’मधून त्यांचा आवाज जगभर पोहोचला. २०१० च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत त्यांचा पहिला अल्बम दाखल झाला. स्ट्रीमिंगवर मात्र तो नव्हताच.

११/ २०१४ मध्ये गटाने स्वतःच २५ तासांसाठी आपली जुनी गाणी विनामूल्य खुली केली. २०२१ मध्ये मूळ कंपनीची मालकी बदलली, परवान्यांची गाठ सुटू लागली आणि अखेर ३ मार्च २०२३ ही तारीख ठरली.

१२/ १२ फेब्रुवारी २०२३ रोजी ट्रुगॉय, म्हणजेच डेव्हिड जोलिकर, यांचे वयाच्या ५४ व्या वर्षी निधन झाले. अल्बम ठरल्या दिवशी परतला. त्यांच्यासाठी १९ दिवस उशिरा. लोकप्रियतेने ही गाणी घरोघरी पोहोचवली, पण ती पुढच्या पिढीच्या हाती लागतील की नाही, हे दीर्घकाळ करारांतील कलमांनीच ठरवले.

(धागा समाप्त)