पहिली आरती अनगडशहांच्या दारात

देहूचा पहिला मुक्काम आटोपून तुकोबारायांची पालखी आकुर्डीची वाट धरते, तेव्हा पहिला विसावा आणि पहिली अभंग-आरती कुठे होते, हे तुम्ही त्या सोहळ्यात चालला असाल तर तुम्हांला ठाऊकच आहे. अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी. पालखी टेकते, आरती होते, टाळ पुन्हा वाजू लागतात आणि आपण पुढे निघतो. सवयीने त्याचे काही नवल वाटेनासे झाले आहे.

मलाही वाटत नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत पहिल्यांदाच आलेल्या एका तरुण माळकऱ्याने तिथे मला विचारले, "काका, निघालो पांडुरंगाला भेटायला, आणि पहिलं थांबणं दर्ग्यापाशी?" मी म्हणालो, "परंपरा आहे, बाळा." तो गप्प बसला. परंपरा आहे हे त्याला दिसतच होते. ती का आहे, हे त्याने विचारले होते, आणि मला ते धड सांगता आले नाही. चाळीस वर्षे माळ घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट शोभणारी नव्हती. म्हणून पुढच्या चार महिन्यांत जे वाचले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

अनगडशहांची कथा आपल्याकडे संतचरित्रांतून आली. तुम्ही ती कीर्तनात ऐकली असेल, पण पुन्हा एकदा सावकाश ऐका. वाघोलीचे रामेश्वर भट तुकोबांचे कट्टर विरोधक. त्यांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडाल्या. पुढे ते पुण्यात आले आणि अनगडशहा फकिराच्या जागेतल्या पाण्यात स्नानाला उतरले. फकीर रागावला, त्याने शाप दिला आणि भटांच्या अंगाचा दाह सुरू झाला. कशानेही तो शमेना. शेवटी आळंदीला ज्ञानोबांच्या दारी पडून राहिले, तेव्हा दृष्टान्त झाला की हे तुकोबांच्या छळाचे फळ आहे, त्यांनाच शरण जा. तुकोबांनी एक अभंग लिहून पाठवला आणि दाह निवाला.

शाप उतरल्याचे कळल्यावर फकीर स्वतः देहूला आला, आपल्यापेक्षा मोठा हा कोण ते पाहायला. कुणीही कितीही वाढले तरी भरत नसे, असा कटोरा त्याच्या हातात होता. तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातले आणि तो भरला. फकीर तुकोबांच्या पाया पडला आणि त्यांचा झाला, असे आख्यायिका सांगते.

आता या कथेत चमत्कार किती आणि इतिहास किती, हा वाद मी घालणार नाही. मला वेगळेच जाणवले. या फकिराचे चित्र काही गोंडस नाही. तो रागीट आहे, पाण्यावरून माणसाला शाप देतो, परीक्षा घ्यायला येतो. सांगणाऱ्याच्या मनात असते तर त्याला खलपुरुष करून सोडून देणे किती सोपे होते! पण कथेत खरा अपराध रामेश्वर भटांचा आहे, आपल्याच शास्त्रीबुवांचा. आणि दोघांनाही तुकोबांच्या दारात सारखीच जागा मिळाली. आपण तुकोबांची जी आरती म्हणतो, ती रामेश्वर भटांनी रचलेली. पालखीचा पहिला विसावा अनगडशहांपाशी. एकाला शब्द मिळाला, दुसऱ्याला थांबा. पालखी सोहळा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केला, म्हणजे दख्खनेत औरंगजेबाच्या फौजा वावरत असतानाच्या काळात. मनात अढी धरायला कारण कमी नव्हते, एवढेच इथे नोंदवतो.

पण अनगडशहा तरी शेवटी तुकोबांना वंदन करणारे. त्या तरुणाचा प्रश्न त्याने सुटत नाही. "तो आपल्याकडे आला म्हणून आपण त्याला मानतो", असे कोणी म्हणू शकेल. म्हणून श्रीगोंद्याच्या शेख महंमदांकडे वळू या.

नगर जिल्ह्यातले श्रीगोंदे, म्हणजे जुने चांभारगोंदे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात होऊन गेलेले शेख महंमद तिथले. त्यांचा 'योगसंग्राम' हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ 1645 च्या सुमारास पूर्ण झाला. जीव आणि विकार यांच्यातली लढाई हा त्याचा विषय. शिवाय 'पवनविजय', 'निष्कलंक प्रबोध' आणि कितीतरी अभंग. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरुस्थानी मानत. श्रीगोंद्यात त्यांना मठासाठी जागा मिळाली ती मालोजींकडून. हेच मालोजी अहमदनगरच्या शाह शरीफ पिरालाही मानत आणि त्या पिराच्या नावावरून त्यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मात्र त्यात काय सामावले आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

शेख महंमद विठ्ठलभक्त झाले, मराठीत लिहीत राहिले, पण नाव बदलले नाही. स्वतःला 'अविंध' म्हणवून घेत आणि आपण मुसलमानाच्या घरी जन्मलो हे लपवत नसत. त्यांची लेखणी मऊही नव्हती. भोंदू गुरू, पोटभरू साधू आणि दिखाऊ फकीर या सगळ्यांना त्यांनी सारखेच झोडपले आहे. 'सगळेच बरोबर, सगळेच गोड' असे म्हणणारा हा माणूस नव्हे. तरी आपल्या पूर्वजांनी त्यांना कबिराचा अवतार म्हटले. देहूत तुकोबांच्या कीर्तनाच्या मंडपाला आग लागली, तेव्हा यांनी श्रीगोंद्यात बसून हात चोळले आणि ती विझवली, अशीही कथा रचली. ताहराबादच्या महिपतीबुवांनी 1762 मध्ये 'भक्तविजय' पुरा केला, त्यात कबीरही आहेत आणि लतीबशाही. संतांची माळ ओवताना बुवांनी मण्याची जात विचारली नाही.

शेख महंमदांचे गुरू चांद बोधले. परंपरा सांगते की जनार्दन स्वामींचेही गुरू तेच. जनार्दन स्वामी देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे किल्लेदार, आणि नाथमहाराजांचे सद्गुरू. म्हणजे ही परंपरा धरली तर पैठणचे नाथ आणि श्रीगोंद्याचे शेख एकाच घराचे. दौलताबादला चांद बोधल्यांची समाधी आहे, तिचे रूप दर्ग्याचे. काही अभ्यासक त्यांना कादरी पंथाचे सूफी मानतात. नाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'ची ऊब कुठून आली असेल, हे मला तिथे उमगते.

तो संवाद तुम्ही पूर्ण वाचला आहे का? मी वाचला नव्हता. ऐकला होता तो शेवट, दोघे एकमेकांना आलिंगन देतात तेवढाच. मधला भाग वाचायला छाती लागते. तुर्क दख्खनी बोलीत बोलतो आणि आपल्या पुराणांवर तुटून पडतो. ब्रह्मदेवाने काय केले, तुमच्या देवाने भीक का मागितली, चोरी का केली, असे नको ते सगळे विचारतो. हिंदू मराठीत उत्तर देतो आणि त्याला पेचात धरतो: देव सर्वत्र आहे म्हणता, मग पश्चिमेलाच तोंड का? हिंदूला हिंदू करून देव चुकला आणि तुम्ही त्याहून शहाणे झालात का? दोघांचेही घाव वर्मी लागतात. नाथांनी तुर्काला लटके, दुबळे प्रश्न दिले नाहीत. प्रतिष्ठानच्या ब्राह्मणाने आपल्याच शास्त्रांवरचे सर्वांत बोचरे आक्षेप दुसऱ्याच्या तोंडी घातले आणि ते पुसले नाहीत. आलिंगन येते ते त्यानंतर. भांडण न होताच ते झाले असते तर मला त्याची किंमत वाटली नसती.

गेल्या वारीत तो तरुण पुन्हा आमच्या दिंडीत होता. पिराची कुरोली इथल्या मुक्कामी, गावाचे नावच पाहा, रात्री हरिपाठ झाल्यावर मी त्याला संवादाची प्रत दिली आणि म्हटले, "तू हिंदू हो, मी तुर्क होतो." माझी दख्खनी मोडकीतोडकी, म्हाताऱ्या आयाबाया हसू लागल्या. पण ब्रह्मदेवाची जागा आली तेव्हा कोणी हसेना. माझाच आवाज खाली गेला. आपल्या देवाविषयी हे शब्द आपल्याच तोंडून काढायचे, ते सोपे नव्हते. शेजारच्या राहुटीतले विणेकरी बाहेर येऊन उभे राहिले. मी थांबलो तशी एक आजी म्हणाली, "नाथांनी लिवलंय ना? मग वाच की पुढं."

मी पुढे वाचले.