गोड गोष्टी
गोड गोष्टी : साने गुरुजींची (१८९९–१९५०) दहा भागांची कुमारकथामाला. जगातल्या गाजलेल्या काही कथा-कादंबऱ्या त्यांनी तीत मुलांसाठी छोट्या कादंबऱ्यांच्या रूपात पुन्हा सांगितल्या. ‘दुःखी’मागे व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) आहे, तर ‘सोराब नि रुस्तुम’मागे इराणी ‘शाहनामा’तील बापलेकांची कथा.

मालेतील सर्वांत परीकथेजवळची ‘मनूबाबा’. तिचा आधार जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ (१८६१). एकाकी विणकराचे साठवलेले सोने चोरीला जाते. पुढे एका रात्री चुलीपाशी काहीतरी चमकते. तो हात लावतो, तर बोटांना लागतात एका तान्हुलीचे मऊ सोनेरी केस. मूळ कादंबरीतला हा प्रसंगच परीकथेचा आहे, आणि गुरुजींनी नेमकी हीच कथा निवडली यात त्यांची पारख दिसते.

गोष्ट सांगण्याचा त्यांचा सराव खानदेशात झाला. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातली मुले हा त्यांचा पहिला श्रोतृवर्ग. म्हणूनच त्यांची वाक्ये छोटी, बोलकी, कानाला लागणारी आहेत. जामनेर तालुक्यातल्या पहूरच्या मुलालाही ही परदेशी माणसे शेजारची वाटावीत, इतकी ती मराठी झाली आहेत. उपदेश मधूनमधून जड होतो खरा. पण माया कुठेच आटत नाही.

या पुस्तकांचा स्वामित्वहक्क २०१० अखेर संपला. आता ती कोणालाही छापता येतात.