गॅलियनची शिडं आणि घरची पांघरुणं

फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या वायव्येला, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात इलोकोसची चिंचोळी पट्टी आहे. भाताची कापणी उरकली की इथे कित्येक महिने पाऊस फिरकत नाही, आणि कापसाला नेमकं तेच मानवतं. इथल्या इलोकानो बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या या कापसाचं ‘आबेल’ विणलं. घट्ट विणीचं, टिकाऊ, धुण्यागणिक मऊ होत जाणारं सुती कापड.

स्पॅनिश सत्तेने या कापडाचं मोल लवकर ओळखलं. करापोटी कापड वसूल होऊ लागलं. मनिला ते मेक्सिकोतलं आकापुल्को हा गॅलियन जहाजांचा व्यापार १५६५ ते १८१५ असा अडीचशे वर्षं चालला आणि त्या जहाजांच्या शिडांसाठी इलोकोसचं कापड जात राहिलं. या व्यापाराचा इतिहास चिनी रेशीम आणि मेक्सिकन चांदी यांच्या हिशेबात सांगितला जातो. पण पॅसिफिकचा वारा ज्या शिडांत भरत होता, त्यांतला इलोकोसच्या मागांवरचा घामही त्या हिशेबात धरायला हवा.

त्याच व्यापाराने मागांवर संकटही आणलं. चीनहून येणारं कापड इतकं मुबलक झालं, की बेटांवरचे लोक कापूस पिकवणं आणि विणणं सोडू लागले. १५९१ मध्ये गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिनियास याने साक्षी नोंदवून घेतल्या आणि स्थानिकांना चिनी कापड वापरायला बंदी केली. त्यामागे विणकरांविषयी कणव नव्हती. करात मिळणारं कापड आटत चाललं होतं! एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश गिरण्यांचा माल आला. पनाय बेटावरच्या इलोइलोचा भरभराटीचा विणकाम-धंदा त्यापुढे कोसळला.

इलोकोसचे माग मात्र पुरते थांबले नाहीत. त्याचं मोठं श्रेय घरच्या पांघरुणांना द्यायला हवं. ही पांघरुणं आईकडून लेकीकडे जात, शेजारच्या डोंगरी जमातींकडेही पोचत. सत्तेला लागणारं कापड सत्तेबरोबर गेलं; घराला लागणारं राहिलं.

या पांघरुणांवरची ‘बिनाकोल’ नक्षी पाहताना डोळे फिरतात. ताण्याबाण्यात दोन विरोधी रंगांचे दोरे असतात, आणि चौकोन मध्याकडे जाताना बारीक होत जातात. विणीत एकही वक्र रेषा नसताना भोवरा गरगरताना दिसतो. या भोवऱ्याने दुष्ट शक्तींना भोवळ येते आणि झोपलेला माणूस सुरक्षित राहतो, अशी श्रद्धा. ‘पिनिलियान’ याहून वेळखाऊ: ताण्यातले ठरावीक दोरे काड्यांनी उचलायचे, त्यांखालून जादा दोरा घालायचा, आणि फुलं, माणसं, प्राणी एकेक ओळ करत उमटवायचे. आराखडा असतो तो विणणारीच्या डोक्यात.

इलोकोस नोर्ते प्रांतातल्या पिनिली गावच्या माग्दालेना गामायो यांचा जन्म १९२४ चा. सोळाव्या वर्षी त्या मावशीकडून विणायला शिकल्या. एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी त्यांना गावातल्या कारागिराने बनवलेला लाकडी माग घेऊन दिला. तो तीस वर्षं चालला. २०१२ मध्ये त्यांना ‘गावाद सा मान्लिलिखा नांग बायान’ हा पारंपरिक कलावंतांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. आपली कला पुढच्या पिढीला शिकवणं ही या सन्मानाबरोबर येणारी जबाबदारी असते, आणि पिनिलीत त्यासाठी विणकाम केंद्र उभं राहिलं. तिथल्या शिकाऊ मुलींच्या हाती येणारं सूत आता बहुतेक गिरणीचं असतं. घरचा कापूस पिंजून सूत काढण्याची कला विणकामाच्या कितीतरी आधी मागे पडली, आणि तिला पुन्हा उभं करणं हे एखाद्या सन्मानाने साधणारं काम नाही. त्यासाठी शेतकऱ्याला कापूस परवडायला हवा.