इम्युनोथेरपी आणि आतड्याकडे जाणाऱ्या पेशी

कर्करोगावरील इम्युनोथेरपीची बरीच औषधे गाठीवर थेट घाव घालत नाहीत; प्रतिकारशक्तीच्या टी पेशींचा लगाम सैल करतात. हा मार्ग दाखवणारे जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

काही टी पेशींना आतड्याचा पत्ता पाठ असतो. त्यांच्या अंगावर अल्फा-४ बीटा-७ हे इंटिग्रिन असते, तर आतड्यातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर मॅडकॅम-१ हा रेणू. रक्तातून वाहत आलेली पेशी या आकड्याला अडकते, थबकते आणि भिंतीतून आत शिरते. लगाम सुटला की आतड्यातल्या पेशीही चवताळतात, बाहेरून नव्यांची भर पडते. जुलाब, पोटात कळ, कधी रक्त : हा कोलायटिस. स्टेरॉइडने भागले नाही तर व्हेडोलिझुमॅब देतात. ते नेमके हे इंटिग्रिनच झाकते.

उलटी वाटही आहे, आणि तीच अधिक विचार करायला लावणारी. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले जंतू बिघडले की मॅडकॅम-१ घटतो आणि प्रतिकार दाबणाऱ्या पेशी आतडे सोडून गाठीत जाऊन बसतात, असे २०२३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

महाराष्ट्रात या औषधांची अडचण मुख्यतः किमतीची. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगात केमोच्या गोळ्यांना निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

अहिल्यानगरहून मुंबई-पुण्याला जाऊन असे इंजेक्शन घेऊन परतलेल्या रुग्णाला जुलाब लागले, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नये. आधी कर्करोगतज्ज्ञांना फोन करावा.