रुळातला तडा आणि घरातले मौन

मंडळाच्या कार्यवाहांनी यंदा "स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे द्या" असा आग्रह धरला. दरवर्षी आपण तंजावरचे भोसले, सरस्वती महाल असे विषय वाचतो. मी पडलो रेल्वेतला डिप्लोमावाला. बावीस वर्षे रूळ आणि स्लीपर यांच्यात गेलेली, त्यामुळे मोडीचे कागद वाचणे हे माझे काम नव्हे. पण गेल्या दोन वर्षांत एका वेगळ्याच इतिहासाशी गाठ पडली, आणि तीही नाइलाजाने.

आपल्याच मंडळातला एक मुलगा. नाव लिहीत नाही. बाकीचे लिहायला त्याच्या वडिलांची परवानगी आहे. लेझीमच्या पहिल्या रांगेत असायचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सराव चुकवू लागला. चेन्नईच्या मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागला. बसपासचे निमित्त सांगून माझ्याकडून दोनदा पैसे नेले. मला शंका आली होती. त्याचे वडील आणि मी रोज एकाच लोकलने जातो. तरी मी आठ महिने गप्प बसलो. परमुलखात चार मराठी घरे, उगाच वाईटपणा कशाला घ्यायचा, असा माझा विचार. शेवटी एका रात्री त्यांना इस्पितळातून फोन आला. नंतर त्यांनी मला एकच विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

त्या मुलाच्या उपचारासाठी त्यांच्याबरोबर हिंडताना जे वाचले, ऐकले, ते येथे मांडतो.

1979 साली इराणमध्ये क्रांती झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूच्या चोरट्या व्यापाराच्या जुन्या वाटा बदलल्या आणि पुढच्या काही वर्षांत ब्राऊन शुगर, म्हणजे आपल्या मराठीत 'गर्द', मुंबई-पुण्याच्या कॉलेजांपर्यंत पोहोचली. सरकारने 1985 मध्ये एनडीपीएस कायदा केला. मोठ्या व्यापाराला किमान 10 वर्षे सक्तमजुरी ठेवली. पण पोलीस विकणाऱ्याला पकडतील. घरात थरथरत पडलेल्या मुलाचे काय?

याचे उत्तर समाजातूनच यावे लागले. पुण्यात अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातील तरुणांवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात 1986 च्या ऑगस्टमध्ये 'मुक्तांगण' उभे राहिले आणि उद्घाटन पुलंनीच केले. तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानले गेले. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट सुरू झाला, कारण घरातल्या बाईने वर्षानुवर्षे गिळलेले दुःख कुठेतरी बोलले जायला हवे होते. डॉ. अनिता 1997 साली कर्करोगाने गेल्या. काम मात्र थांबले नाही; त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे नेले.

आपल्याला वाटते, पुणे लांब आहे. पण त्याआधी सहा वर्षे, 1980 साली, आपल्या याच चेन्नईत शांती रंगनाथन यांनी असे काम सुरू केले होते. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या नामांकित घराण्यातल्या त्या सून. पती दारूच्या व्यसनाने तरुणपणीच गेले. अशा घराण्यात ही गोष्ट झाकून ठेवणे सहज शक्य होते. त्यांनी ती झाकली नाही. उलट पतीच्या नावानेच संस्था काढली. 1989 मध्ये त्यांच्या संस्थेने तंजावरच्या मुलखात मंजकुडी या खेड्यात गावकऱ्यांच्या मदतीने उपचार शिबिर सुरू केले. माणूस जेथे राहतो तेथेच, चार शेजाऱ्यांच्या देखत त्याला बरे करायचे, ही त्यामागची कल्पना. 1992 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोन्ही कामांची सुरुवात मला एकाच ठिकाणी दिसते. कोणीतरी गप्प राहण्याचे नाकारले.

आमच्या खात्यात रुळाची अल्ट्रासॉनिक चाचणी करतात. वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटात तडा असू शकतो. तो वेळेवर सापडला तर तेवढा तुकडा बदलता येतो. नाही सापडला तर पुढचे सांगायला नको. दिसलेला दोष वहीत न लिहिणाऱ्याला आम्ही माफ करत नाही. मी मात्र आठ महिने तेच केले.

म्हणून मंडळाला एक विनंती. दहा दिवसांतली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. व्यसनमुक्ती केंद्रातील जाणकाराला बोलवावे आणि आई-वडील व मुले यांना एकत्र बसवावे. 2019 च्या केंद्र सरकारच्या पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे 2 कोटी 26 लाख आढळली होती. तेव्हा आपली घरे यापासून दूर आहेत असे मानू नये. 14446 हा केंद्र सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे. आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात जाऊन उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प प्रमाणाच्या प्रकरणात, कायद्यात खटल्यापासून संरक्षण आहे. बदनामीच्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

तो मुलगा यंदा माझ्याबरोबर वर्गणीला फिरला. पावतीपुस्तक त्याच्याकडेच होते. काही घरांत लोकांनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिले, पण पैसे त्याच्याच हातात दिले. तो अजून उपचारात आहे. मध्ये एकदा घसरला, पुन्हा उभा राहिला. वडील आणि मी आजही एकाच लोकलने जातो. आता मात्र आम्ही बोलतो.

विघ्नहर्ता आपल्या सर्वांच्या मुलांना सांभाळो, आणि आपल्याला वेळेवर तोंड उघडण्याची बुद्धी देवो.

गणपती बाप्पा मोरया!