जाजमाचा रंग काय लिहायचा?

फील्डवर्कच्या वहीत माझी एक नोंद होती : ‘जाजम, सुती, रंग फिकट तपकिरी.’ घर जळगाव जिल्ह्यातलं, जुनं, धाब्याचं. माजघराला दक्षिणेकडे एकच खिडकी आणि जाजम तिच्यासमोर अंथरलेली. घरातल्या आजींनी कडेची दुमडलेली शिवण उलटून दाखवली. आत गडद लाल! तोवर मी ‘इथल्या लोकांना मातकट रंग आवडत’ असं वाक्य प्रकरणात लिहून बसलो होतो.

तुम्ही घरातल्या जुन्या वस्तूंवर काम करणार असाल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या : दिसणारा रंग हा उरलेला रंग असतो. याच जिल्ह्यातल्या फैजपूरचं नाव 1908 च्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये सुती छापकाम, नीळ आणि लाखेच्या रंगांसाठी येतं. तिथल्या कापडाचा अंदाज आजच्या विटक्या तुकड्यावरून बांधायचा म्हणजे पंचाईतच. त्यात सगळे रंग सारखे उडत नाहीत. नीळ टिकते, हळदीचा पिवळा चटकन जातो. म्हणून विटलेल्या कापडात रंगांचा मूळ तोलही बिघडलेला असतो.

रंग उन्हाने उडतो, हे धुळ्याच्या बाजारातला कुठलाही कापडवाला सांगेल. पण उन्हातल्या कशाने? रसेल आणि ॲबनी या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंगांच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या. त्यांचा अहवाल 1888 चा. निळा-जांभळा प्रकाश जास्त घातक, आणि हवा-ओलावा काढून टाकला तर बहुतेक रंग टिकतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे मुख्य गुन्हेगार प्रकाश. नुसती उष्णता नव्हे.

हे कळल्यावर मी ‘मे महिन्याच्या उन्हाने रंग उडाला’ असं दुरुस्त वाक्य लिहिलं. तेही फसलं! खानदेशात खिडकीला ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा लागतो तो उन्हाळ्यात, माणसांसाठी. पण मेच्या शेवटी इथे भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तो दुपारी पंचेचाळीस अंशांच्या आसपास खाली असतो. खिडकीची वरची चौकट सहा फुटांवर असेल, तर ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून साधारण सहा फूट आत पोचतं. नेमकं तेव्हा पडदा काढलेला, दारं सताड उघडी, कारण थंडीत ते ऊन सगळ्यांनाच हवं असतं. पुन्हा गेलो तेव्हा टेप लावली. विटलेला पट्टा त्या हिवाळी उन्हाच्या टप्प्यातच संपत होता. (पश्चिमेच्या खिडकीचा हिशोब वेगळा, तिथे मेची दुपारही आत शिरते.)

तेव्हा नोंद करताना खिडकीची दिशा, उंची आणि वस्तूपासूनचं अंतर लिहाच. शिवणीच्या आत, घडीच्या पोटात, फ्रेमच्या पट्टीखाली पाहा आणि दोन्ही रंगांचा फोटो शेजारी शेजारी घ्या. फक्त त्यासाठी जाजम अंगणात उन्हात ओढू नका. आम्ही तसंच करायला निघालो होतो, आजींनी थांबवलं.