संपदा शुल्क आणि घरातली वाटणी : जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधून (1953–1985)

प्रस्तावना

भारतात आज वारसा कर नाही. आईवडिलांच्या पश्चात घर, ठेवी किंवा शेअर मुलांच्या नावावर झाले, तर केवळ वारसा मिळाला म्हणून केंद्र सरकार कर घेत नाही. पण 15 ऑक्टोबर 1953 पासून 1985 च्या मार्चच्या मध्यापर्यंत असा कर होता. कायद्यात त्याचे नाव संपदा शुल्क. वकिलांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बोलण्यात एस्टेट ड्यूटी. सरकारच्या तिजोरीत त्याची भर फार थोडी पडली, म्हणून अर्थशास्त्राच्या पुस्तकात तुम्हाला त्यावर एक-दोन परिच्छेदच सापडतील. या टिपणात आपण प्रश्न वेगळ्या बाजूने विचारू. हा कर वाचवण्यासाठी कुटुंबांना कोणते कागद करता येत होते, आणि त्या कागदांमुळे घरातल्या कोणाचा हिस्सा कमी होत होता?

सिव्हिल लाइन्स कशासाठी?

जबलपूर 1781 मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आले आणि 1817 नंतर इंग्रजांकडे गेले. छावणी आणि जुने शहर यांच्या जोडीला अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची सिव्हिल लाइन्स वसली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर महाराष्ट्राच्या वाटेने, आधी द्विभाषिक मुंबई राज्यात, गेले. नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला इथले पहिले मुख्य न्यायाधीश झाले. पुढे 1959 ते 1969 या काळात ते पद पी. व्ही. दीक्षित यांच्याकडे होते. न्यायालयाबरोबर नागपूरकडची मराठी वकील मंडळी आणि कर्मचारीही आले. मालमत्ता असलेले लोक आणि मालमत्तेचा कायदा जाणणारे लोक एकाच वस्तीत राहू लागले. म्हणून आपला विषय समजून घ्यायला ही जागा सोयीची आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला कायदाही बरोबर नेते, असे न्यायालये मानत आली. महाराष्ट्रातून मध्य प्रांतात आलेल्या कुटुंबाबाबत प्रिव्ही कौन्सिलने 1920 मध्ये बळवंतराव विरुद्ध बाजीराव या खटल्यात हेच तत्त्व लावले. त्यामुळे जबलपूरमधील मराठी कुटुंबाला सामान्यतः मिताक्षरेची महाराष्ट्र शाखा लागू होई, तर शेजारच्या हिंदी भाषक कुटुंबाला बनारस शाखा.

कायदा काय म्हणत होता?

इंग्लंडमध्ये विल्यम हार्कोर्ट यांनी 1894 मध्ये असा कर आणला होता. भारतात 1946 पासून विधेयके मांडली गेली. कायदा झाला तो अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या काळात. देशमुखांची सनदी नोकरी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातच सुरू झाली होती. हेतू दोन होते : संपत्तीतली विषमता कमी करणे आणि राज्यांना विकासासाठी पैसा मिळवून देणे. दर टप्प्याटप्प्याने वाढत. सुरुवातीला सर्वांत वरच्या टप्प्यावर 40 टक्के शुल्क होते. 1960 च्या दशकात ते 85 टक्क्यांपर्यंत गेले.

पुढील तीन तरतुदी नीट समजून घ्या.

1. कलम 7 : एकत्र कुटुंबातला सहदायाद वारला की त्याचा हिस्सा शुल्काच्या कक्षेत येई. शिवाय कलम 34 प्रमाणे त्याच्या मुलांचे हिस्से दर ठरवण्यासाठी त्यात मिळवले जात. मुलांच्या हिश्शावर शुल्क बसत नसे, पण वडिलांच्या हिश्शावरचा दर चढत असे.

2. कलम 9 : मृत्यूच्या आधी दोन वर्षांच्या आत दिलेली देणगी मृताचीच मालमत्ता धरली जाई. सार्वजनिक धर्मादायासाठी ही मुदत सहा महिने होती.

3. कलम 10 : देणगी देणाऱ्याने त्या वस्तूचा उपभोग पूर्णपणे सोडला नसेल, तर दोन वर्षे उलटून गेली तरी सूट मिळत नसे. जॉर्ज डा कोस्टा यांच्या प्रकरणात (1967) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. बंगळूरचे घर 1954 मध्ये मुलांना बक्षीस दिले होते आणि वडील 1959 मध्ये वारले. पण ते शेवटपर्यंत त्याच घरात राहत होते, म्हणून घरावर शुल्क बसले.

कुटुंबांपुढचे मार्ग

या तरतुदी वाचल्या की कुशल वकील काय सल्ला देईल हे तुम्हीच सांगू शकाल. एकत्र कुटुंबाची वाटणी वडील हयात असतानाच करून घ्या, म्हणजे मुलांचे हिस्से दरासाठी मिळवले जाणार नाहीत. वडिलांच्या वाट्याला आलेले बक्षीसपत्राने वेळेत देऊन टाका. 1958 मध्ये बक्षीस कर आला, तेव्हा देणगी दरवर्षी थोडी थोडी द्या. शुल्क भरण्यासाठीच काढलेल्या आयुर्विम्याची रक्कम 50,000 रुपयांच्या मर्यादेत सुटत असे, तीही सोय घ्या. यात बेकायदेशीर काही नव्हते. करचुकवेगिरी आणि करनियोजन यांतला फरक इथे विसरू नका.

मुलीच्या हिश्शाचा हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सिव्हिल लाइन्समधल्या एका कुटुंबात आई, वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. वडिलोपार्जित मालमत्ता 8 लाख रुपयांची. महाराष्ट्र आणि बनारस या दोन्ही शाखांमध्ये बाप-लेकांची वाटणी झाली तर आईला मुलाइतका हिस्सा मिळतो, पण तिला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. मुलीला 1956 च्या कायद्याने या वाटणीत हिस्सा नव्हता.

वाटणी न होता वडील वारले, तर हिंदू वारसा अधिनियम 1956 च्या कलम 6 प्रमाणे आधी कल्पित वाटणी करायची. चार हिस्से, प्रत्येकी 2 लाख. मग वडिलांचे 2 लाख आई, दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात सारखे वाटायचे. मुलीला 50,000 रुपये, म्हणजे एकूण मालमत्तेचा सोळावा भाग. सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेल्या गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हीच रीत पक्की केली. तिथे विधवा हिराबाईंना कल्पित वाटणीतला चौथा आणि पतीच्या हिश्शातला चोविसावा भाग मिळून 24 पैकी 7 भाग मिळाले.

आता करनियोजनाचा सल्ला मानला असे समजा. वडिलांनी हयातीत वाटणी केली, आपले 2 लाख मुलग्यांना बक्षीस दिले, त्यावरचा हक्क खरोखर सोडला आणि त्यानंतर तीन वर्षांनी ते वारले. त्या मालमत्तेवर संपदा शुल्क शून्य. मुलीचा हिस्साही शून्य. वडिलांनी मुलीला बक्षीस दिले असते तरी शुल्क तेवढेच वाचले असते. कायद्याने मुलग्यालाच द्या असे म्हटले नव्हते. पण घर आणि धंदा मुलग्याचा ही समजूत आधीपासून होती, आणि करनियोजनाने तिला एक व्यावहारिक कारण मिळवून दिले.

कर गेला, कागद राहिले

अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी 1985 च्या अर्थसंकल्पात हे शुल्क रद्द करण्याची घोषणा केली. उत्पन्न सुमारे 20 कोटी रुपये, वसुलीचा खर्च त्या मानाने जास्त, दोन्ही हेतू असफल, आणि त्याच मालमत्तेवर हयातीत संपत्ती कर व मृत्यूनंतर संपदा शुल्क असा दुहेरी जाच, ही त्यांची कारणे होती.

कुटुंबांच्या कपाटातली वाटणीपत्रे मात्र रद्द झाली नाहीत. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायाद केले, तेही त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. मध्य प्रदेशातल्या मुलींना 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. म्हणजे नागपूर आणि जबलपूर इथे राहणाऱ्या एकाच घराण्याच्या दोन शाखांतल्या मुलींचे हक्क अकरा वर्षे वेगळे होते. विनीता शर्मा प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मतःच असतो असे सांगितले. पण 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी 2005 च्या कायद्यानेच सुरक्षित ठेवली आहे. शुल्क वाचवण्यासाठी 1965 मध्ये केलेले वाटणीपत्र म्हणून आजही मुलीच्या दाव्याला उत्तर ठरू शकते.

समारोप

2024 च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराची चर्चा पुन्हा झाली. तेव्हा दोन्ही बाजूंनी दर आणि उत्पन्न यांचेच आकडे मांडले गेले, तर या इतिहासाकडे पाहून तुम्ही आणखी एक प्रश्न विचारा. कर टाळण्यासाठी मालमत्ता हयातीत हस्तांतरित होते, तेव्हा ती कोणाच्या हाती जाते?

स्वाध्याय

1. कलम 9 आणि कलम 10 यांतला फरक डा कोस्टा प्रकरणाच्या आधारे स्पष्ट करा.

2. वरील उदाहरणात दोन मुलगे व दोन मुली असतील, तर वाटणी न होता वडील वारल्यावर प्रत्येक मुलीला किती मिळेल?

3. तुमच्या कुटुंबात किंवा परिचयात 1985 पूर्वीचे वाटणीपत्र असेल तर ते वाचा. कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत, आणि वाटणीचे कारण काय दिले आहे, याची टिपणे काढा.